विषुववृत्तावरची हिमनदी : मंगळाच्या आसाचा कल आणि आर्सिया मॉन्सचे प्रकरण

मंगळाच्या विषुववृत्तापासून फक्त ९ अंश दक्षिणेला आर्सिया मॉन्स हा विझलेला ज्वालामुखी आहे. उंची १७ किमीपेक्षा जास्त. त्याच्या पश्चिम आणि वायव्य उतारावर पंख्याच्या आकाराचा एक प्रचंड निक्षेप, म्हणजे साचून राहिलेल्या दगडमातीचा थर, पसरला आहे. क्षेत्रफळ सुमारे १,६६,००० चौरस किमी. या निक्षेपाचे तीन पट्टे दिसतात. बाहेरच्या कडेला एकमेकांना समांतर, बुटके, लांबच लांब बांध. त्यांच्या आत उंचवट्यांचा खडबडीत प्रदेश. त्याहून आत, पर्वताच्या बाजूला, गोलसर कडांच्या जिभा. बाहेरचे बांध जुन्या लाव्हाच्या ओघळांवरून सरळ गेले आहेत आणि खालचा लाव्हा जराही ओरबाडला गेलेला नाही.

प्रकरणाची किल्ली या शेवटच्या निरीक्षणात आहे. दरड कोसळली असती तर तळ उखडला असता. ज्वालामुखीची राख असती तर ती बांधांच्या ओळी मांडून बसली नसती. तळ न खरवडता बांध मागे ठेवत सरकणारी वस्तू एकच, तळाशी गोठून चिकटलेली थंड हिमनदी. तिचे बर्फ खाली घसरत नाही, आतल्या आत वाहते, आणि कड मागे हटताना वरचा दगडधोंडा जागच्या जागी टाकून जाते. अंटार्क्टिकाच्या कोरड्या दऱ्यांत असे बांध आजही तयार होतात. पॅव्होनिस मॉन्स, अॅस्क्रेअस मॉन्स आणि ऑलिम्पस मॉन्स या ज्वालामुखींच्याही पश्चिम किंवा वायव्य अंगाला असेच निक्षेप आहेत. चारही पर्वतांची तीच बाजू असल्यावर योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

अडचण अशी की आजच्या हवामानात त्या जागी बर्फ टिकत नाही. विषुववृत्तीय पट्ट्यात जमिनीचे वार्षिक सरासरी तापमान २१५ ते २२० केल्व्हिन असते. हवेत बाष्प इतके कमी आहे की ते सगळे खाली बसवले तर थर सुमारे १० मायक्रोमीटरचा होईल. एवढ्या बाष्पाचा हिमबिंदू, म्हणजे ते गोठू लागण्याचे तापमान, १९८ केल्व्हिनच्या आसपास येतो. जमीन हिमबिंदूपेक्षा वीस अंश उबदार असेल तर बर्फ द्रवरूप न होता थेट बाष्प होऊन उडते, म्हणजे त्याचे संप्लवन होते. मग शेकडो मीटर जाडीची हिमनदी तिथे उभी राहिली कशी, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे.

आसाच्या कलाचा इतिहास

मंगळाचा आस आज २५.१९ अंश कललेला आहे, पृथ्वीच्या २३.४४ अंशांच्या अगदी जवळ. हे साम्य फसवे आहे. पृथ्वीचा कल २२.१ ते २४.५ अंशांच्या अरुंद पट्ट्यात ४१,००० वर्षांच्या आवर्तनाने झुलतो. मंगळाचा झोका सुमारे १,२०,००० वर्षांचा, पण त्याचा आवाका कितीतरी मोठा आहे. गेल्या सुमारे ४० लाख वर्षांत कल साधारण १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान राहिला. ५० लाख वर्षांच्या पलीकडे गेलो की सरासरीच ३५ अंशांजवळ येते आणि शिखरे ४५ अंशांच्या आसपास जातात.

कारण परांचनाच्या, म्हणजे आसाच्या संथ गिरकीच्या, गतीत आहे. पृथ्वीचा आस सुमारे २६,००० वर्षांत एक गिरकी घेतो, कारण सूर्याच्या जोडीला चंद्रही तिच्या फुगीर कटिबंधाला ओढ देतो. मंगळाचे फोबोस आणि डिमोस हे चंद्र सुमारे २२ आणि १२ किमी व्यासाचे आहेत. त्यांची ओढ हिशेबात धरण्याजोगी नाही. त्यामुळे मंगळाचे परांचन वर्षाला सुमारे ७.६ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) इतके संथ आहे, म्हणजे पूर्ण गिरकीला १,७१,००० वर्षे लागतात. वायकिंग आणि पाथफाइंडर यानांच्या रेडिओ मोजणीतून हा आकडा पक्का झाला. इतर ग्रहांच्या ओढीने ग्रहांची कक्षाप्रतले ज्या गतींनी डोलतात, त्यांपैकी काही गती नेमक्या याच्या शेजारच्या आहेत. गती जुळत आल्या की अनुनाद होतो, आणि असे अनेक अनुनाद एकमेकांवर चढले की कलाचे वर्तन अराजक होते. १९९३ मध्ये झाक लास्कर व फिलिप रोबुतेल यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे जिहाद तौमा व जॅक विस्डम यांनी हे दाखवून दिले. मंगळाचा कल शून्याजवळपासून ६० अंशांपर्यंत कुठेही भटकू शकतो.

अराजकाचा व्यावहारिक अर्थ हिशेब करणाऱ्याने नीट ध्यानात ठेवावा. मागे जाताना कलाची गणना साधारण १ ते २ कोटी वर्षांपर्यंतच भरवशाची असते. त्यापलीकडे ‘अमुक वर्षी कल अमुक होता’ असे म्हणता येत नाही, फक्त शक्यतांचे वाटप सांगता येते. लास्कर आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या गणनेत दीर्घ काळातील सर्वाधिक संभाव्य कल ४१.८ अंश निघतो. मंगळाच्या आयुष्याच्या मानाने आजचे २५ अंश खालच्या बाजूचे आहेत. आर्सियाचा निक्षेप भरवशाच्या पट्ट्याहून पुष्कळ जुना आहे. त्यामुळे त्याला नेमकी तारीख चिकटवण्याचा मोह टाळावा.

उन्हाची वाटणी

कल बदलला म्हणून ग्रहाला मिळणारे एकूण ऊन वाढत किंवा घटत नाही, बदलते ती वाटणी. ही गोष्ट साध्या सूत्राने पडताळता येते. ध्रुवावर पडणाऱ्या उन्हाची वार्षिक सरासरी म्हणजे सौरस्थिरांक (सूर्याकडे थेट तोंड केलेल्या एक चौरस मीटरवर पडणारे ऊन) भागिले पाय, गुणिले कलाची ज्या (साइन). विमध्यतेची, म्हणजे कक्षेच्या लांबटपणाची, दुरुस्ती अर्ध्या टक्क्याहून कमी आहे. मंगळाच्या सरासरी अंतरावर सौरस्थिरांक सुमारे ५८६ वॅट प्रति चौरस मीटर. आकडे घातले की असे चित्र निघते: कल १५ अंश असताना ध्रुवावर सरासरी ४८ वॅट, आजच्या २५ अंशांना ८०, ३५ अंशांना १०७, ४५ अंशांना १३२. याच वेळी विषुववृत्ताचा वाटा आजच्या सुमारे १७९ वॅटवरून ४५ अंशांना १६१ वर उतरतो. ५४ अंशांजवळ दोघे बरोबरीला येतात आणि त्यापुढे वर्षभराच्या हिशेबात ध्रुव विषुववृत्तापेक्षा जास्त ऊन खातो. ९८ अंश कललेला युरेनस याच बाजूला मोडतो.

पण इथेच थांबणारा हिशेब चुकतो. बर्फाला वार्षिक सरासरी कळत नाही, त्याला उन्हाळा कळतो. उन्हाळ्याच्या अयनदिनी ध्रुवावर सूर्य मावळत नाही. आसाच्या कलाइतक्याच उंचीवर तो दिवसभर आकाशात फिरत राहतो. ४५ अंश कल असेल तर ध्रुवावरचे त्या दिवसाचे सरासरी ऊन, अंतर सारखे धरून, विषुववृत्तावरच्या संपातदिनाच्या उन्हापेक्षा दुपटीहून जास्त होते. शिवाय बर्फावरील बाष्पदाब तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. २०० केल्व्हिनला तो ०.१६ पास्कल असतो, २१० ला ०.७ आणि २२० ला सुमारे २.६. दहा अंशांना चौपट. म्हणून वर्षातले मोजके उबदार दिवसच बाष्पाचा बहुतेक हिशेब उरकतात, आणि वार्षिक सरासरी तापमान घालून काढलेले संप्लवन नेहमी फार कमी येते. ही चूक सर्वांत जास्त दिसते. दिवस-रात्र आणि ऋतू दोन्ही पायरीपायरीने चालवल्याशिवाय हा आकडा काढूच नये.

यात उपसूर्याची, म्हणजे ग्रह सूर्याच्या सर्वांत जवळ येण्याची, वेळही मिसळते. मंगळाच्या कक्षेची विमध्यता ०.०९३ आहे. उपसूर्य बिंदूवर मिळणारे ऊन अपसूर्यापेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त असते. आज उपसूर्य दक्षिण उन्हाळ्याच्या सुमारास येतो. त्यामुळे दक्षिणेचा उन्हाळा आखूड पण कडक, १५४ मंगळदिवसांचा, आणि उत्तरेचा लांब पण मवाळ, १७८ मंगळदिवसांचा. आसाचे परांचन आणि कक्षेचे फिरणे मिळून ही जोडी सुमारे ५१,००० वर्षांत पूर्ण चक्र मारते. कल तोच ठेवून फक्त उपसूर्य उलट केला तरी कोणत्या ध्रुवाचे बर्फ उडेल हे बदलते.

बाष्प कुठून आले आणि कुठे बसले

आता आर्सियाकडे. कल ४५ अंशांवर गेला की उत्तर ध्रुवाची बर्फटोपी उन्हाळ्यात जोरात उडू लागते. हवेतील बाष्प आजच्या अनेक पटींनी वाढते. पण बाष्प वाढले म्हणून ते सगळीकडे सारखे गोठत नाही. २००६ मध्ये फ्रांस्वा फर्गे आणि सहकाऱ्यांनी मंगळाच्या हवामानाचे संगणकी प्रारूप ४५ अंश कलावर चालवले, तेव्हा बर्फ ठरावीक ठिकाणीच साचले, आणि ती ठिकाणे थार्सिसच्या (आर्सिया आणि त्याचे शेजारी ज्यावर उभे आहेत त्या पठाराच्या) पर्वतांचे व ऑलिम्पसचे पश्चिम उतार निघाली. साचण्याचा वेग मंगळवर्षाला ३० ते ७० मिलिमीटर.

यामागची यंत्रणा वाऱ्याची आहे. मोठ्या कलात उत्तर उन्हाळ्यातले अभिसरण मोसमी वाऱ्यांसारखे जोरकस होते. दक्षिणेकडून येणारी खालची हवा विषुववृत्त ओलांडताना वळते आणि थार्सिसच्या पठारावर पश्चिमेकडून आदळते. वाटेत ध्रुवाकडून आलेले बाष्प तिच्यात मिसळलेले असते. पर्वताच्या अंगावर चढताना ही हवा प्रसरण पावून थंड होते, हिमबिंदू गाठते आणि बर्फाचे कण उतारावर पडतात. पूर्व बाजूला हवा उतरते, तापते, कोरडी होते. चारही पर्वतांची एकच बाजू का, याचे उत्तर एवढेच.

वेळेचा मेळ घालून पाहू. वर्षाला ५० मिमी धरले तर दहा हजार मंगळवर्षांत, म्हणजे सुमारे १८,८०० पृथ्वीवर्षांत, ५०० मीटर बर्फ साचते. कलाचा पूर्ण झोका १,२०,००० वर्षांचा, त्यातला शिखराजवळचा काळच याहून लांब आहे. एकाच झोक्यात हिमनदी वाहू लागण्याइतकी जाडी मिळू शकते, आणि उंच कलाच्या काळात असे अनेक झोके एकामागून एक येतात.

याच अभ्यासात दक्षिण ध्रुवाची टोपी स्रोत म्हणून धरल्यावर बर्फ दक्षिण गोलार्धातल्या हेलास या विशाल खोऱ्याच्या पूर्वेला साचले. तिथे डोंगरांच्या पायथ्याशी ओघळलेले गोट्यामातीचे पदर पूर्वीपासून माहीत होते. २००८ मध्ये ‘मार्स रिकनिसन्स ऑर्बिटर’वरील ‘शॅरॅड’ रडारने दाखवले की त्या पदरांखाली बहुतांश शुद्ध बर्फ आहे. हा पुरावा मला आर्सियापेक्षाही भक्कम वाटतो. आर्सियावर हिमनदीचा साचा पाहून अनुमान काढले आहे, हेलासजवळ रडारने थेट बर्फ मोजले आहे.

परतीचा प्रवास

कल खाली येऊ लागला की विषुववृत्ताचे बर्फ ताब्यात राहत नाही. २००४ मध्ये बेंजामिन लेव्हरार आणि सहकाऱ्यांनी हा परतीचा प्रवास प्रारूपात चालवून पाहिला. कटिबंधातले बर्फ उडते आणि दोन्ही गोलार्धांच्या मध्य व वरच्या अक्षांशांवर बसते. तिथून पुढे, कल आणखी घटल्यावर, हळूहळू ध्रुवाकडे. मधल्या मुक्कामाच्या खुणा आज सर्वत्र आहेत. साधारण ३० अंशांपलीकडे दोन्ही गोलार्धांत काही मीटर जाडीचा बर्फ-धुळीचा मुलामा पसरला आहे. २००२ मध्ये ‘मार्स ओडिसी’ने त्यातील हायड्रोजन कक्षेतून टिपला. २००८ मध्ये ६८ अंश उत्तरेला उतरलेल्या ‘फिनिक्स’ यानाने जमीन खरवडली तेव्हा सुमारे पाच सेंटिमीटरवर पांढरे बर्फ लागले. डिसेंबर २०२१ मध्ये सुमारे ३५ अंश उत्तरेला एक उल्का आदळली, दीडशे मीटर व्यासाचे विवर पडले आणि कडेवर बर्फाचे मोठमोठे तुकडे फेकले गेले.

इथे ‘हिमयुग’ या शब्दाने गोंधळ होतो. पृथ्वीवर कल कमी झाला की वरच्या अक्षांशांचे उन्हाळे थंड होतात, साचलेले हिम वितळत नाही आणि हिमस्तर वाढतात. मंगळावर उलट: कल वाढला की ध्रुवांचे बर्फ उठून खालच्या अक्षांशांवर येते, आणि त्यालाच तिथे हिमयुग म्हणतात. ही विसंगती नाही. पृथ्वीचा बाष्पस्रोत उष्ण महासागर आहे, मंगळाचा बाष्पस्रोत ध्रुवावरचे बर्फच आहे. साठा ज्या टोकाला, त्या टोकाला ऊन वाढले की साठा हलतो. पृथ्वीच्या सवयीने मंगळाचा आलेख वाचणारे इथे हमखास चिन्ह उलटे लावतात.

परतलेल्या बर्फाची जमाही मोजलेली आहे. २०१६ मध्ये आयझॅक स्मिथ आणि सहकाऱ्यांनी शॅरॅडच्या नोंदींत ध्रुवीय टोप्यांच्या वरच्या थरात एक स्पष्ट खंड, म्हणजे थरांची सलगता तुटल्याची खूण, शोधला. त्याच्यावर सुमारे ८७,००० घनकिमी बर्फ आहे आणि ते शेवटचे हिमयुग संपल्यापासूनच्या सुमारे ३,७०,००० वर्षांत साचले. साऱ्या ग्रहावर पसरले तर थर सुमारे ६० सेंटिमीटरचा होईल. हिमयुगाचा शेवट आणि मोठे झोके शांत होण्याचा काळ जुळतात.

दुसरी पडताळणी उत्तर टोपीच्या थरांतून. २००२ मध्ये लास्कर, लेव्हरार आणि जॉन मस्टर्ड यांनी वरच्या सुमारे २५० मीटरमधील उजळ-गडद थर उन्हाच्या गणितावर बसवून पाहिले. सर्वोत्तम मेळ वर्षाला ०.५ मिमी साचण्याने लागला. या वेगाने ५१,००० वर्षांत २५ मीटर थर बसतो आणि १,२०,००० वर्षांत ६० मीटर. थरांच्या मोजणीत वारंवार दिसणारी सुमारे ३० मीटरची लय त्यामुळे कलापेक्षा परांचनाकडे बोट दाखवते. हाच वेग खालपर्यंत ताणला तर सुमारे २ किमी जाडीला ४० लाख वर्षे लागतात, आणि नेमक्या त्याच सुमारास कलाची सरासरी ३५ वरून २५ अंशांवर उतरली. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे जुळले की विश्वास बसतो. मात्र २ किमीपर्यंत वेग एकसारखा धरणे हे सोयीचे गृहीतक आहे, त्याला पुरावा म्हणू नये.

हवाच गोठते तेव्हा

आतापर्यंत पाण्याचा हिशेब केला. मंगळावर याच्या समांतर कार्बन डायऑक्साइडचा दुसरा हिशेब चालतो, आणि तो विसरला की पहिलाही बिघडतो. हवा बहुतांश याच वायूची, दाब सुमारे ६ मिलिबार, आणि या दाबाला तो सुमारे १४८ केल्व्हिनला गोठतो. ध्रुवावरच्या हिवाळ्यात तो दरवर्षी गोठतो. वायकिंग यानांनी १९७६ पासून मोजलेला दाब ऋतूंबरोबर पाव हिश्श्याहून जास्त वर-खाली होतो तो म्हणूनच.

कल १५ अंशांकडे गेला की ध्रुवावर उन्हाळ्यातही हा बर्फ पूर्ण उडत नाही. हवा ध्रुवावर कायमची बसू लागते, दाब कोसळतो. पातळ हवेला धूळ उचलता येत नाही, धुळीची वादळे थांबतात, आकाश निवळते. कल वाढला की उलट. २०११ मध्ये रॉजर फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी शॅरॅडने दक्षिण ध्रुवाखाली पुरलेला कार्बन डायऑक्साइड बर्फाचा साठा मोजला. त्यांचा अंदाज आजच्या हवेच्या ८० टक्क्यांपर्यंत होता. तो सारा बाहेर आला तर दाब जवळपास दुप्पट होईल. म्हणून ४५ अंशांचे प्रारूप ६ मिलिबारवर चालवणे ही अर्धवट तयारी आहे. दाब आणि धूळ दोन्ही बदलून पुन्हा चालवावे लागते, कारण धूळ हवेला तापवते आणि ढगांची उंची ठरवते. बर्फाच्या ढगांच्या प्रारणाचा परिणाम प्रारूपात चालू केला की साचण्याच्या जागा आणि वेग दोन्ही सरकतात.

आणखी एक ठिकाणी प्रारूपे हमखास घसरतात. ध्रुवीय टोपी हा अक्षय स्रोत धरला जातो. प्रत्यक्षात घाणेरडे बर्फ उडते तेव्हा धूळ मागे राहते. काही सेंटिमीटर धूळ साचली की खालच्या बर्फापर्यंत उन्हाळ्याची ऊब नीट पोचत नाही आणि बाष्पालाही वर यायला वाट उरत नाही. उडण्याचा वेग आपोआप मंदावतो. फिनिक्सला लागलेले बर्फ पाच सेंटिमीटर मातीखाली टिकून होते ते याच न्यायाने, आणि आर्सियाच्या आतल्या जिभांखाली काही उरले असेल तर तेही याच न्यायाने.

हाच न्याय दक्षिण टोपीच्या कोड्यात लागतो. उत्तर टोपी सुमारे ४० लाख वर्षांची मानली तर उंच कलाच्या काळात ती नव्हतीच, तिचे पाणी अन्यत्र होते. पण दक्षिण टोपीच्या पृष्ठभागावर विवरे कितीतरी जास्त आहेत, आणि त्यांवरून वय एक कोटी वर्षांच्या पलीकडे जाते. आकारमानही मोठे, सुमारे १६ लाख घनकिमी, म्हणजे साऱ्या ग्रहावर ११ मीटरचा थर. सरासरी ३५ अंश कल सोसून एवढे बर्फ टिकले असेल, तर साध्या संप्लवनाच्या गणिताने ते उडायला हवे होते. दक्षिण ध्रुव उत्तरेपेक्षा सुमारे सहा किमी उंच पठारावर आहे, हे एक कारण सांगितले जाते. वरचा धुळीचा पापुद्रा हे दुसरे. पापुद्रा किती जाड झाला की उडणे थांबते, हा आकडा प्रारूपात हाताने घातला जातो आणि त्यावरच निकाल फिरतो. हा आकडा लहान धरला तर दक्षिण टोपी वाचते, पण मग उत्तर टोपीही वाचायला हवी आणि आर्सियाला पुरेसे बाष्प मिळत नाही. मोठा धरला तर आर्सिया जमतो आणि दक्षिण टोपी उडते. एकाच आकड्याने दोन्ही ध्रुव आणि पर्वताचा उतार अजून एकत्र बसवता आलेले नाहीत. त्यामुळे या प्रकरणातले प्रारूप वाचताना पहिल्यांदा तो आकडा कुठे घातला आहे ते शोधावे, नकाशे नंतर पाहावेत.